सोललेला लसूण

२००६च्या ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी पद्मिनीने अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या घरामागच्या वाफ्यात लसूण लावायला घेतला. कॉलेजात शिकवणारी तिची लेक हिमानी वीकेंडला आली होती. ती शेजारी बसून गड्डे फोडून देत होती.

मागच्या दारच्या लाकडी डेकवरून संजीवरावांनी कॉफीचा घोट घेतला. "हिमानी, विचार तुझ्या आईला, बर्फात लसूण उगवतो का? इंडियन स्टोअर बंद पडलंय वाटतं!"

"थंडी खाल्ल्याशिवाय गड्डा धरत नाही," पद्मिनी नवऱ्याकडे न बघता लेकीला म्हणाली. "साल मात्र काढू नकोस हं. सोललेली पाकळी मातीत कुजते."

अर्धा वाफा झाला आणि अंधारून आलं. उरलेला उद्या लावू, म्हणत तिने पाकळ्यांचा वाडगा पायरीवर ठेवला. त्या रात्री ती झोपेतच गेली.

पुढच्या शनिवारी मराठी मंडळातली माणसं पुलावाचे ट्रे घेऊन भेटायला आली. संजीवराव त्यांना वाफा दाखवू लागले. बायकोच्या बागेला जन्मभर 'रिकामे उद्योग' म्हणणारा हा माणूस आता सांगत होता, "आम्ही दर फॉलला, थंडीच्या आधी, लसूण लावतो. वेडच होतं आम्हाला बागेचं."

'आम्ही'. हिमानीला त्या शब्दाची शिसारी आली. माना डोलावणाऱ्या मंडळींचीही.

"उरलेला आज लावून टाकू यार," रवींद्रकाका म्हणाले. "ट्रिब्यूट म्हणून."

"फोटो काढा हं कुणीतरी," मालिनीकाकूंनी आठवण केली.

संजीवराव वाडगा घेऊन पायरीवर बसले. स्वयंपाकघरात त्यांनी कधी एक पाकळी सोलली नव्हती. आता मात्र फोडणीला द्यायची असावी तशी ते एकेक पाकळी नखाने सोलून पांढरीशुभ्र करत होते. लोक कौतुकाने बघत होते.

बापाशी वाद घालणं म्हणजे त्यांना नको इतका मान देणं, असं हिमानीला वाटत आलं होतं. आज मात्र तिने पुढे होऊन त्यांच्या हातातून वाडगा काढून घेतला.

"अगं, थोड्याच राहिल्यात!"

"सोललेल्या कुजतात, बाबा. आई सांगत होती तेव्हा तुम्ही इथेच होतात."

"मला कुठे ऐकू आलं?"

"तिचं तुम्हाला कधीच ऐकू आलं नाही." तिचा आवाज चढला नव्हता, तरी रवींद्रकाका मागे सरकले. "आणि 'आम्ही' म्हणू नका. लसूण तिने लावलाय. तुम्ही नुसते हसलात."