अंदमानची चौथी जागा

बालाघाटच्या मोटारस्टँडवर, बाबूलाल न्हाव्याच्या दुकानाला लागून असलेल्या हॉटेलात, हिरालाल ठेकेदारानं एक दिवस टेबलावर काचेचा मुखवटा आणून ठेवला आणि तिथून सगळा सत्यानाश सुरू झाला. मुखवट्याला रबराची कड होती आणि सोबत एक वाकडी नळी. पोर्ट ब्लेअरला लाकडाच्या धंद्यात असलेल्या मावसभावानं ते धाडलं होतं. मुखवटा तोंडावर चढवायचा, नळी दातांत धरायची आणि समुद्रावर पालथं पडून राहायचं. खाली जिवंत पोवळी, निळे-पिवळे मासे, सगळं स्वच्छ दिसतं म्हणे. हिरालाल स्वतः अजून गेला नव्हता, पण सांगत असा होता की जणू तिथले मासे त्याला नावानं हाक मारतात.

"संक्रांत झाली का निघाचं," तो म्हणाला. "गोंदियावरून कलकत्ता, तिथून जहाज. मी, मोतीलाल, दुलीचंद." मग त्यानं तिकिटाच्या खिडकीकडे पाहिलं. "चवथी जागा खाली हाय. काय गा तेजराम, येतं का?"

तेजराम कटंगीच्या मोटारीचा तिकीटबाबू. जगाला तिकिटं फाडून देण्यात हयात गेली, स्वतः गोंदियाच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही. माणूस भला, पण ह्या तिघांच्या टेबलाशी बसायला मिळावं म्हणून नुसता जीव टाकायचा. ते त्याला चहा सांगायला पाठवायचे आणि तो धावत जायचा. असल्या माणसाला फसवायला काही अक्कल लागत नाही. वेळ लागतो, आणि तो त्या तिघांकडे भरपूर होता.

त्या दिवसापासून तेजरामला दुसरं काही सुचेना. जहाजावर गादी न्यावी की सतरंजी, वाळूवर चप्पल चालते का, खाऱ्या पाण्यात डोळे झोंबतात का, असं एकेक विचारून त्यानं भंडावून सोडलं. ते तिघं गंभीर चेहऱ्यानं उत्तरं द्यायचे आणि तो गेला की टेबल बडवून हसायचे. गावी बापालाही त्यानं मोटारीसोबत निरोप धाडला, की मी समुद्र पाहायला जातो आहे.

पूस महिन्याच्या कडाक्याच्या थंडीत, एका रविवारी त्यांनी त्याला वैनगंगेवर नेलं. सराव करावा लागतो म्हणे. काठावर तिघं शाली पांघरून शेंगा फोडत बसले आणि तेजराम चड्डीवर, मुखवटा चढवून, पाण्यात पालथा. वर आला तो खोकत, दात वाजवत.

"काय दिसलं?" मोतीलालनं विचारलं.

"रेती. मंग पानीच घुसलं नाकात."

"घुसनारच," हिरालाल म्हणाला. "तुही मिशी आडवी येते. रबर चिकटत नाही. आमाले पाह्य, सफाचट."

त्यांना सफाचट राहायला काय झालं? तिघांचेही बाप कधीच वारले होते. त्या मुलखातल्या शेतकरी घरांत बाप आहे तोवर पोरगा मिशीला वस्तरा लावत नाही. ओठ बोडका दिसला की बाप गेला, विचारायचं कामच नाही. हे हिरालालला पक्कं ठाऊक होतं.

"तुहे बाबा जित्ते हायेत न?" तो हळहळून म्हणाला. "मंग राहू दे गा. आमी दुसरा पाहू."

तेजरामचा बाप डोमाजी कटंगीजवळच्या गावात अजून स्वतः बांधावर उभा राहून धान कापून घ्यायचा. तेजरामला पहिली मिसरूड फुटली तेव्हा ह्याच डोमाजीनं त्याला हाताला धरून पारावर नेलं होतं आणि चारचौघांना दाखवलं होतं. ते तेजराम विसरला नव्हता. पण बुढा होळीपर्यंत शहरात येत नाही, तोवर मिशी पुन्हा येईल, असा त्यानं हिशेब बांधला. मोहानं माणूस आंधळा होतो तो असा.

बाबूलालनं वस्तरा फिरवला आणि मग हात थांबवून हळूच विचारलं, "काकाजी केव्हा गेले?"

तेजरामच्या तोंडाला फेस होता. मासे पाहायला मिशी काढतो आहे, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं नुसती मान खाली घातली. दाराशी हिरालाल उभा होता, त्यानं सगळं पाहिलं.

घरी बायकोनं, कमलानं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, समुद्रापायी मिशी गेली हे ओळखलं आणि ताट समोर सरकवून ती आत निघून गेली.

सकाळी खिडकीपुढे माणसं हळूहळू येऊन उभी राहू लागली. मोठा माणूस गेला, सोन्यासारखा गेला, असं बोलून जाऊ लागली. आदल्या संध्याकाळच्या मोटारीनं बातमी कटंगीलाही पोचली होती. तेजराम प्रत्येकापुढे मान खाली घालत होता, कारण काल घातली होती. मग हिरालाल आला, टोपी काढून, मोतीलाल-दुलीचंदला मागे घेऊन.

"फार वाईट झालं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "आता सुतकात तुले जहाजावर कसं नेता येईल? माहा साळा सुखराम येते म्हंते तुह्या जाग्यावर."

साळ्याचं नाव दिवाळीपासूनच ठरलेलं होतं. मागे उभ्या मोतीलालनं हसू आवरायला तोंडावर रुमाल धरला.

तेव्हा कुठं तेजरामला उमगलं. बाप जिवंत आहे माझा, असं सगळ्यांसमोर ओरडून सांगायला तो उठला, आणि तेवढ्यात कटंगीची मोटार येऊन लागली. दारातून डोमाजी उतरला. खांद्यावर पिशवी, अंगात धुतलेली बंडी. खिडकीपुढची माणसं आपोआप बाजूला झाली. कोणीतरी फिदीफिदी हसलं.

डोमाजी खिडकीशी आला. पोराच्या ओठाकडे त्यानं बराच वेळ पाहिलं.

"मोटारीत बसतानीच मले डायवरनं सांगतलं, का मी मेलो," तो म्हणाला. "मी म्हनलं, जाऊन पाह्यतो."

"बाबा, तसं नाही. त्या काचेत पानी जाते म्हून..."

"हौ," डोमाजी म्हणाला. त्यानं पिशवी खिडकीत ठेवली. "नव्या धानाचे पोहे हायेत. जहाजात खायले आनले होते."

तो वळला आणि त्याच मोटारीत परत जाऊन बसला. तेजराम काचेशी उभा राहून हाका मारत राहिला, पण बुढ्यानं तोंड वळवलं नाही. पिशवी खिडकीतच राहिली. संक्रांतीनंतर चौघं निघाले तेव्हा हिरालालनं ती उचलून नेली. पोहे झकास होते, असं त्यानं परतल्यावर मुद्दाम येऊन सांगितलं.

तेजराम गावी जायचा तर डोमाजी बांधावर निघून जायचा. त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसे. मिशी मात्र आली, पहिल्यापेक्षा दाट आली. पोळ्याच्या सुमारास डोमाजी खरंच गेला. तेजराम ओरडत, छाती पिटत गावी पोचला आणि अंगणात न्हाव्यापुढे जाऊन बसला. न्हाव्यानं वस्तरा परत पेटीत ठेवला.

"काकाजीनं सांगून ठेवलं हाय," तो खालमानेनं म्हणाला. "तुह्या मिशीले हात लावाचा नाही. म्हने, त्यानं माहं सुतक पाळलं, पुन्हा कायले पाळाचं?"

तेजरामनं त्याचे पाय धरले, चुलत्यांचे धरले. मेलेल्याचा शब्द मोडायला कोणी तयार होईना. अग्नी चुलतभाऊ महागूनं दिला. भाऊबंदांचे ओठ बोडके झाले. त्यांच्यात तेजराम एकटा भरघोस मिशी घेऊन तेरवीपर्यंत ओसरीच्या कडेला बसून राहिला. तुमसरकडून एक लांबचे पाहुणे भेटायला आले. त्यांनी महागूला जवळ घेतलं, सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि ह्याच्यापाशी येऊन थांबले.

"तुमी कोन? मयताचे कोन लागता?"

तेजरामनं बापाच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

"मी बालाघाटचा," तो म्हणाला. "मोटारीचे तिकिटं देतो."