पूर्व बुरुजाखाली

किल्ला सर्वांसाठी खुला होणार असं ठरलं, आणि वुब्बो हाकमाला पहिल्यांदाच आत जायचा संकोच वाटू लागला. बत्तीस वर्षं त्याने याच दरवाजावर लोकांना अडवलं होतं. लष्कराने किल्ला नगरपालिकेला देऊन टाकला, तेव्हा तोफा संग्रहालयात गेल्या, जवान दुसऱ्या छावणीत गेले. गावात उरला तो एकटा वुब्बो. बायको इनेका त्याआधीच बहिणीकडे राहायला गेली होती. "तुझ्याशी बोलायचं म्हणजे परवलीचा शब्द लागतो," असं जाताना म्हणाली होती.

परवलीचा शब्द न लागणारी एकच होती. त्रुस, पहाऱ्यावरची कुत्री. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. लष्करी जमिनीत जनावर पुरायला बंदी होती; वुब्बोने आयुष्यात मोडलेला हा एकमेव नियम. पूर्व बुरुजाच्या पायथ्याशी एका झुडपाखाली त्याने तिला पुरलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी तिथे पाच मिनिटं उभा राहायचा. कोणी पाहिलंच, तर तटाची पाहणी चालली आहे असा चेहरा करायचा.

नगरपालिका किल्ल्यात करणार होती त्या उद्यानाच्या नकाशात नेमक्या त्याच जागी घसरगुंडी आणि वाळूचा हौद होता.

नागरिकांचं म्हणणं ऐकून घ्यायला सभा भरली. माणशी तीन मिनिटं, एक कप कॉफी आणि एक बिस्कीट. बिस्कीट दिलं की डबा बंद. वुब्बोने बिस्कीट सवयीने खिशात टाकलं. एका बाईंनी तीन मिनिटं खंदकातल्या बदकांच्या वतीने भाषण केलं. मग वुब्बो उठला.

"पूर्व बुरुजाखाली खणू नका."

"का बरं, हाकमासाहेब?" उद्यान विभागाच्या मार्लाईनबाईंनी विचारलं.

"अरे वुब्बो, आता तरी दरवाजा सोड की!" शेजारचा येल्ले ओरडला. "का पोरांचीही झडती घेणारेस?"

लोक हसले. या लोकांसमोर कुत्रीचं नाव काढायचं?

"तिथे काहीतरी पुरलेलं आहे," वुब्बो म्हणाला.

"काय?"

"ते सांगता येणार नाही."

जुना किल्ला, माजी सैनिक, पुरलेलं, आणि सांगता येत नाही. सभागृहाने बेरीज केली आणि उत्तर बॉम्ब आलं. पुढच्या रांगेतल्यांनी तर पायसुद्धा उचलून घेतले, जणू तो खुर्चीखालीच होता. "तसं नाही हो," म्हणायला वुब्बोने तोंड उघडलं. पण तेवढ्यात मार्लाईनबाईंनी नकाशावरची घसरगुंडी खोडली. त्याने तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिथे उंच जाळीचं कुंपण आलं. पाटी लागली: धोका, प्रवेश बंद. तपासणी पथकाकडे सहा वर्षांची प्रतीक्षायादी होती.

मे महिन्यात उद्यान सुरू झालं. ज्या गवतावर पाय ठेवला म्हणून वुब्बोने एकदा कॅप्टनलाही हटकलं होतं, त्यावर आता माणसं उघड्या अंगाने लोळत स्ट्रॉबेऱ्या खात होती. सगळा किल्ला मोकळा होता. बंद होता तो वीस पावलांचा तुकडा. वुब्बो त्या कुंपणाबाहेर उभा राहायचा.

एका सकाळी मार्लाईनबाई सायकल ढकलत आल्या. "खरं सांगा, आत बॉम्ब आहे?"

"बॉम्ब मी म्हणालोच नव्हतो."

"मग कुंपण काढते. पण मग घसरगुंडी येईल हं. नकाशावर खोडली तरी कागदोपत्री अजून मंजूरच आहे ती."

वुब्बोने झुडपाकडे पाहिलं. "राहू दे कुंपण."

"कधीपर्यंत?"

"मी आहे तोवर."

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग वहीत "चौकशी चालू" असं लिहिलं आणि निघून गेल्या.

वुब्बोने खिशातून बिस्कीट काढलं. सभा आता तो एकही चुकवत नसे, आणि बिस्कीटही खात नसे. जाळीतून हात जाईल तितका आत घालून त्याने ते फेकलं. झुडपापासून चांगली दहा पावलं अलीकडे पडलं. एका कावळ्याने ते उचललं आणि, पाटी न वाचता, तिथेच बसून खाल्लं.