हिरडीतले चार किडे

बाजाराच्या दिवशी फणसाखाली मुंगीला शिरायला जागा नव्हती. केळ्यांचे घड तसेच टाकून बाया तान्ही पोरं पोटाशी धरून बिगिरवा वैद्यापुढे रांगेत उभ्या. पलीकडच्या झाडाखाली लस टोचायला आलेल्या न्यांगोमा नर्सबाईंपुढे मात्र एक कुत्रं बसलेलं.

"पोराला ढाळ लागलेत? अंग तापलंय? मुठी चावतंय?" बिगिरवा गरजत होता. "जा की दवाखान्यात, कागद देतील! किडा कोण काढणार? दाताचं सोंग घेऊन हिरडीत बसतो आणि पोराला आतून खातो मेला! हा बिगिरवा त्याला दुरून ओळखतो!"

दुरून! पोराचं तोंड उघडायच्याही आधी! तिबेसिग्वाच्या कपाळाला आठी पडली.

हा तिबेसिग्वा सायकली दुरुस्त करायचा. दुकान तिथेच, रांगेला लागून. वैद्याच्या हातातली टोकदार सळई म्हणजे सायकलच्या चाकाची तार, आणि तिला धार लावून दिली होती त्यानंच. कशाला हवी, हे विचारायचं तेव्हा सुचलं नव्हतं. आज त्याच रांगेत दुसऱ्या नंबरावर त्याची आई उभी होती आणि तिच्या कडेवर त्याचा सहा महिन्यांचा मुलगा अकाम्पा. तीन दिवस जुलाब होऊन लेकराचे डोळे खोल गेले होते.

"आई, मला हे काही बरं दिसत नाही."

"तुला कधी काय बरं दिसलंय? तुझ्या पोरीचे किडे मीच काढवून आणले होते. वाचली ना ती?"

"शेजारच्या पोराचे कुणी काढले नव्हते. तोही वाचला."

"नशीब त्याचं. गप उभा राहा!"

त्यांच्या पुढे पेरूसी नावाच्या बाईची तान्ही मुलगी होती. दोघींनी तिचे हातपाय दाबून धरले, सळई हिरडीत शिरली आणि पोरीनं असा टाहो फोडला की तिबेसिग्वानं मान फिरवली. वैद्यानं केळीच्या पानावर पांढरट, बुळबुळीत काहीतरी टाकलं.

"हा बघा किडा!"

"अगं बाई!" म्हणत गर्दी मागे सरकली. तेवढ्यात पान निखाऱ्याच्या मडक्याकडे निघालंसुद्धा. "फार बघू नका, डोळ्यांतून आत शिरतो!"

बघा म्हणतो आणि बघूही देत नाही. हे कसलं गौडबंगाल?

"वैद्यबुवा," तिबेसिग्वा पुढे झाला, "एका पोराचे किती किडे निघतात?"

"चार. वर दोन, खाली दोन."

"प्रत्येक पोराचे?"

"प्रत्येकाचे!"

"कमाल आहे. माझ्या केळीला कीड लागते ती कधी मोजून लागत नाही. बरं, किडा नाही म्हणून परत पाठवलंत असं एक तरी पोर?"

बाया फिसकन हसल्या. बिगिरवाचा चेहरा काळवंडला. "तुझ्या पोराचं मरण तुझ्या जिभेवर बसलंय!"

ते ऐकून आईचं अवसानच गळालं. तिनं घाईघाईनं अकाम्पाला पुढे केलं. तिबेसिग्वानं एका हातानं लेकरू मागे ओढलं, दुसऱ्या हातानं वैद्याच्या हातातलं पान हिसकावलं आणि दुकानातल्या ऐरणीवर नेऊन ठेवलं.

"या सगळ्याजणी! किडा असेल तर चेंदामेंदा होईल."

त्यानं हातोडी हलकेच मारली. टक्क! अंड्याच्या टरफलासारखे बारीक तुकडे उडाले. बाया वाकून बघू लागल्या.

नर्सबाई धावत आल्या होत्या. त्यांनी तुकडा बोटावर घेतला. "हा दुधाचा सुळा. प्रत्येक बाळाच्या हिरडीत असे चार सुळे जन्मापासून असतात. दीड वर्षाच्या सुमाराला बाहेर येतात. आत कोवळा असतो, म्हणून अळीसारखा दिसतो. कुठे टोचायचं ते ठाऊक असलं की झालं, विद्या कसली?"

"मग जुलाब?" आईनं दबक्या आवाजात विचारलं.

"या वयात पोर सापडेल ते तोंडात घालतं. वरचं पाणी, पेज सुरू होते, त्यातून घाण पोटात जाते. अंगावरचं दूध तोडू नका, दवाखान्यातली मीठ-साखरेची पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात घालून पाजा. हिरडी ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसा. आणि ही एकच सळई न धुता किती तोंडांत फिरली, तेही या वैद्याला विचारा!"

विचारणार कुणाला? मडकं तिथेच टाकून बिगिरवानं पळ काढला होता.

दुकानात खेळत असलेल्या आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, कोबुसिंगेला, तिबेसिग्वानं जवळ घेतलं. "आ कर, बाळ." चारही सुळ्यांच्या जागा रिकाम्या. रोज हसणारी पोर, पण त्यानं कधी नीट पाहिलं नव्हतं. त्याला आपल्या हातांची लाज वाटली. "त्या सळईला मीच धार लावून दिली होती," तो सगळ्यांसमोर म्हणाला.

पेरूसी लेकीच्या तोंडावर बोळा दाबून बसली होती. "बाई, तो परत बसवता येईल का हो?"

"नाही गं," नर्सबाई म्हणाल्या.

आईनं अकाम्पाला नर्सबाईंच्या हाती दिलं, डोळे पुसले आणि रांगेकडे वळली.

"बायांनो, नातीचे चार दात मी स्वतः काढवले. चांगलं करतेय असंच वाटलं होतं. कुणाला एका शब्दानं विचारलं नाही. तुम्ही विचारा गं. वैद्याला विचारा, नर्सला विचारा, माझ्यासारख्या म्हातारीलाही विचारा. लेकराला बोलता येत नाही, त्याच्या वतीनं आपणच विचारायचं असतं."