भिंतीवरचे पांढरे दात

माझ्या मुलाला जेवायची काही रीत उरलेली नाही. बायको वाढते आणि हा बघतो समोरच्या भिंतीकडे. भिंतीवर त्याच्या पहिल्या बायकोचा फोटो. घास तोंडात, डोळे फोटोवर, आणि आताची सून हातात भांडं घेऊन ताटकळत उभी. मी एकदा म्हटलंही, "अरे, मीठ बरोबर पडलंय का ते हिला सांग. फोटो काही सांगायचा नाही." तर म्हणतो, "आई, जेवू दे ना." जेव बाबा.

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर. मी चार बुकंसुद्धा धड शिकले नाही, पण डाग बघून तो कशाचा ते सांगते. कधी कधी गिऱ्हाईकच लाजून दुसरीकडे बघतं.

पहिली सून तापाने गेली, त्याला तीन वर्षं झाली. मी तिला मैना म्हणायची, मग घरात सगळेच म्हणायला लागले. दिवसभर तोंड चालू, पण बोलणं सगळं हाताआडून. हसली की पंजा तोंडावर, करंगळी हनुवटीला टेकलेली. ती गेल्यावर मुलाने फोटो मोठा करून आणला आणि टांगला. मी फोटोकडे मान वर करून कधी नीट पाहिलं नाही. पाहवत नव्हतं.

ही दुसरी अबोल. कामाला वाघ, पण माहेरी तिच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. हिच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे आहेत, ओलं कापड वाळताना पाण्याच्या रेघा राहतात ना, तसे. लग्नाचा फोटो काढताना फोटोवाला म्हणाला, "वहिनी, हसा जरा." त्यावर माझा मुलगा हळूच तिला म्हणाला, "तू तोंड मिटूनच हस." मी शेजारीच होते. ऐकलं मी.

मग ही मला अधूनमधून विचारायला लागली. "आई, फोटोतल्या ताईंचे दात इतके पांढरे होते?"

"तुला काय करायचंय? तुझ्या दातांनी चावता येतंय ना?"

पण कपड्यांच्या घड्या घालताना नजर वर, जिन्याकडे.

आमच्याकडे रक्ताचे डाग काढायचं एक जहाल औषध असतं. पाणी घालून, हातमोजे चढवून वापरतो. नुसता थेंब बोटावर उडाला तरी कातडी पांढरी पडते आणि आग आग होते. ती बाटली उतरत चालली होती, आणि रक्ताचा कपडा तर दुकानात आलेला नव्हता. मी इस्त्रीवाल्याला झापलं. तो म्हणाला, "मालकीणबाई, मी चहा चोरीन, हे कशाला चोरीन?" खरं होतं ते. पण माझं लक्ष तेव्हा सुनेकडे गेलं नाही. तिने गरम चहा सोडला होता, मग गार पाणीही सोडलं. मला वाटलं, नखरे.

एका दुपारी मी गल्ल्यावर होते. धुतलेले कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून दांडीला टांगलेले असतात. पंख्याने हलले की आत माणसं चालतायत असं वाटतं. त्यांच्या पलीकडे इस्त्रीवाला कोणाच्या तरी पँटवरून काहीतरी अचकट बोलला आणि एक बाई हसली. प्लास्टिकमधून धूसर दिसत होती. तिचा हात वर गेला. पंजा तोंडावर, करंगळी हनुवटीला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मैना?"

"ओ, आई."

मी उठून कपडे बाजूला सारले. आताची सून होती.

"ओ का दिलीस? ते तुझं नाव आहे?"

"नाही. पण हे झोपेत तीच हाक मारतात. आधी मी ओ नाही द्यायचे, तर हे जास्तच हाका मारायचे. मग द्यायला लागले. सवय झाली."

"तोंडावरचा हात काढ."

काढेना. मीच काढला. हिरड्या पांढऱ्याफटक, सोललेल्या, मध्येच लाल. बाटली कुठे जात होती ते कळलं.

"अगं कपाळकरंटे, ते शर्टाला लावायचं औषध!"

"एक गिऱ्हाईक बोलत होतं, दात पांढरे करायला हेच वापरतात. मी पाणी घातलं होतं, आई."

तशीच तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. बाईंनी बघितलं, कपाळावर आठ्या घातल्या, पण ओरडल्या नाहीत. विचारलं, "लहानपणी कसलं औषध पुष्कळ दिवस घेतलं होतं?"

"तापाचं. आई सांगायची."

"दात घडत असताना तसली काही औषधं पोटात गेली की रंग दाताच्या अंगातच बसतो. चहा-तंबाखूचा डाग वर असतो, तो साफ करता येतो. हा घासून निघणार नाही."

"म्हणजे सुतातच रंग," मी म्हटलं.

"बरोबर. गिऱ्हाईक म्हणालं तेही खोटं नाही. औषध त्याच जातीचं, पण आम्ही मोजून देतो, तोंडाच्या मापाचा साचा करून, हिरड्यांना न लागू देता. तरी असे पट्टे उतरायला कित्येक महिने लागतात आणि पूर्ण जातील असं मी सांगणार नाही. नाहीतर वरून पातळ आवरण बसवता येतं. ते नंतरचं. आधी हिरड्या भरू देत. तोवर काही लावायचं नाही. लिंबू-सोडासुद्धा नाही, त्याने दातावरचं कवच झिजतं आणि ते परत येत नाही."

निघताना का कोण जाणे, मी विचारलं, "आणि लहानपणी पडून एकच दात राखाडी झाला असेल तर?"

"आतली नस मरते, म्हणून काळवंडतो. नस साफ करून आतून औषध ठेवलं की बराच उजळतो. कोणाचा आहे?"

"नाही आता," मी म्हटलं.

घरी आले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा फोटोसमोर जाऊन उभी राहिले. चेहरा मैनेचा. हसू कोणाचं, कळेना. पुढचे सगळे दात एकासारखे एक, नव्या चादरीसारखे. पोरगी ज्याच्यापायी जन्मभर हाताआडून बोलली, तो राखाडी दातच तिथे नव्हता.

मुलगा वर आला तेव्हा सून दारातच बसली होती, तोंडाला रुमाल लावून. मी सगळं सांगितलं. त्याला धक्का बसला, पण तोंडातून निघालं काय? "हिला कोणी सांगितलं होतं हे करायला?"

"ते राहू दे. मैनेचा राखाडी दात कुठे गेला?"

"कसला राखाडी दात?"

"फोटो मोठा करायला कोणी दिला?"

"मीच. फोटोवाल्याला म्हटलं, जरा साफ कर." मग तो थांबला. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी बारीक झाला. "आई, होता का गं तसला दात? मला आठवत नाही. मी डोळे मिटले तरी हीच दिसते, फोटोतली."

तो खोटं बोलत नव्हता. म्हणजे इतके दिवस हा जिला झोपेत हाका मारत होता, ती कोणीच नव्हती. आणि त्या कोणीच नसलेल्या बाईसारखं व्हायला ही पोर तोंड जाळून घेत होती. सून रुमालाआडून त्याच्याकडे बघत होती. तो काय म्हणतो, याचीच वाट. तो डोळे पुसत फोटोकडेच वळला.

मग मीच बोलले, तिला ऐकू जाईल असं.

"रडायचं असेल तर नंतर रड, आधी ऐक. मैनेला तापाने नेलं, पण पुसून टाकलंस तू. आता हिलाही पुसायला निघालास, ती जिवंत असताना. हिने बाटली उचलली ती तुझ्यामुळे. चूक तुझी आहे. हिची नाही, आणि त्या मेलेलीची तर मुळीच नाही."