तिसरं अक्षर

मी एक जुना पैसा आहे. रोमन, कांशाचा, तुमच्या शर्टाच्या गुंडीएवढा. या दवाखान्यात तुम्ही गाल धरून ज्या बाकावर बसता, त्याच्या समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत मला चिकटवून ठेवलंय. खाली एक पाटी आहे. मित्रांनो, त्या पाटीवर विश्वास ठेवू नका.

तुम्ही म्हणाल, एवढा मानाने भिंतीवर बसलाय आणि वर कुरकुर करतोय! बरं, तुमचा नंबर यायला अजून वेळ आहे. ऐका तर खरं.

माझा जन्म एका फटक्यात झाला. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये तापलेली चकती म्हणजे मी, आणि वरून हातोडा. छातीवर बादशहाचा चेहरा उमटला. पाठीवर दोन शिपाई उमटले, त्यांच्यामध्ये निशाण. शिपायांच्या पायांखाली टाकसाळीने आपल्या गावाची खूण म्हणून काही अक्षरं ठोकली, मला टोपलीत भिरकावलं आणि पुढची चकती घेतली. ती अक्षरं मी कधीच पाहिली नाहीत. स्वतःची पाठ कुणाला दिसते? ज्यांच्या हातांतून गेलो त्यांनीही ती वाचली नाहीत. पाववाला, न्हावी, शिपाई, कुणाच्याही खिजगणतीत मी नव्हतो. सोन्याचं नाणं आलं की चावून बघायचे. मला साधं कुणी उलटूनही बघितलं नाही. शेवटी कुणीतरी इतर चिल्लरीबरोबर मला मडक्यात घालून पुरलं आणि परत आलंच नाही. मग शेकडो वर्षं मी मातीत एकाच प्रश्नाशी पडून होतो: मी कुठला?

या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस मला भेटला. छापखान्यात प्रुफं तपासून निवृत्त झालेला. एक काना चुकलेला दिसला तरी हा धावत जाऊन चालू मशीन बंद करायला लावायचा, म्हणून छापखान्यात सगळे त्याला थांबाकाका म्हणत. बायको गेलेली. लेक दातांची डॉक्टर, तुमचीच डॉक्टर. घरात दोघंच.

काकांनी न धुतलेल्या जुन्या पैशांचा एक पुडा विकत घेतला, त्यात मी होतो, मातीचं नुसतं ढेकूळ. बाकीच्यांची ओळख पटली तसे ते डबीत जाऊन बसले. मी मात्र हट्टी निघालो. काकांनी मला शुद्ध पाण्यात भिजत घातलं, पाणी बदलत राहिले. मग खिडकीजवळच्या टेबलावर भिंगाखाली धरून माती टोकरायला लागले. हत्यार म्हणजे लेकीने दवाखान्यातून आणून दिलेला जुना आकडा. तुमच्या दाढेत घालून टोचतात ना, तोच.

काम करताना ते माझ्याशी बोलत. "माती वेगळी, कातडी वेगळी. कळलं का रे?" मला कळलं होतं. तुम्हालाही सांगतो, कारण पुढचं सगळं याच्यावर अडलंय. जमिनीत राहून राहून कांशाचं वरचं अंग बदलतं आणि त्याचा काळपट हिरवा, टणक थर होतो. माझ्यासारख्या जीर्ण पैशाची अक्षरं त्या थरातच उरलेली असतात. त्याच्या खालचा धातू खड्ड्याखड्ड्यांचा, कोरा. मातीवर आकडा कुरकुरतो, थरावर नुसता घसरतो. काका कान देऊन ऐकायचे. आकडा घसरला की त्यांचा हात जागच्या जागी थांबायचा.

एके दुपारी ते खुर्चीतून उडालेच.

"एस! आणि हा बघ, एम! अगं, ये तरी इकडे!"

"बाबा, जेवण गार होतंय," लेक दारातून म्हणाली. "सापडलं का एकदाचं त्याचं गाव?"

"एवढ्यात कुठलं! एस आणि एम बऱ्याच टाकसाळींच्या नाण्यांवर असतात. गाव ठरतं तिसऱ्या अक्षरावर. त्याची एक उभी रेघ दिसतेय. म्हणजे के, एन नाहीतर एच. तीन अक्षरं, तीन गावं."

"मग काढा की भराभर ती घाण."

"भराभर काढली तर अक्षरच निघून येईल, बाई."

हे शेवटचं वाक्य तिने ऐकलं नाही. ती ताटं घ्यायला आत गेली होती. आणि काकांनी ते पुन्हा कधी सांगितलं नाही.

माझा जीव त्या एका रेघेवर टांगला गेला. आज कळेल, उद्या कळेल. आणि नेमका तेव्हाच काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू. रेघ कधी एक दिसे, कधी दोन. काकांनी आकडा खाली ठेवला. "उगाच हात चुकायचा. डोळा नीट करून येतो, मग तुझं गाव मीच सांगतो तुला." असा शब्द देऊन ते ऑपरेशनला गेले, आणि घरी येऊन डोळ्याला पट्टी लावून आतल्या खोलीत पडून राहिले.

लेकीचा बाबांवर फार जीव. हे मी खोचकपणे म्हणत नाही, तेच तर माझं दुखणं आहे. वाईट माणसाने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. ती मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "बाबा त्या पैशापायी डोळे फोडून घेणार. पट्टी निघायच्या आत मीच तो लख्ख करून ठेवते. दिवसभर लोकांच्या दातांवरचं किटणच काढते की मी!"

तिने मला इथे आणलं. आत, त्याच खुर्चीशेजारी. ते थरथरणारं टोक, तो पाण्याचा फवारा, तो दातांतून डोक्यात जाणारा आवाज, सगळं तुम्हाला माहीत आहे. उरलेली माती भुर्रकन गेली. आणि मित्रांनो, क्षणभर तिसरं अक्षर पूर्ण मोकळं झालं. मला पाठीवर हवा जाणवली. अगं वाच! एकदा वाच! पण ती वाचत नव्हती, साफ करत होती. टोक तसंच पुढे सरकलं आणि अक्षर त्या हिरव्या थरासकट पाण्याबरोबर वाहून गेलं. वर तिने रबरी चक्रीला पेस्ट लावून मला घोटून काढलं. आणि गाणं गुणगुणत होती!

पट्टी निघाली. लेकीने मला रुमालातून काढून बाबांच्या तळहातावर ठेवलं. काकांनी भिंग घेतलं. इतकं स्वच्छ त्यांना कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं, आणि त्या स्वच्छ डोळ्याने त्यांनी पहिलं काय पाहिलं, तर मला. बादशहाला नाक नाही, कान नाही. शिपायांच्या दोन पुसट काड्या. पायांखाली नुसते खड्डे.

"चकाचक ना?" लेक म्हणाली.

"चकाचक."

"आता तरी वाचता आलं का? के, एन, की एच?"

काका भिंगाला डोळा लावून तसेच बसले.

"बाबा, पाणी येतंय डोळ्यातून. थेंब घालू का?"

"नको. उजेड सोसत नाही अजून." मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "एन. एनच आहे."

"बघा! उगाच जीव काढत होतात."

एक काना चुकला म्हणून मशीन थांबवणारा माणूस! लेकीचं मन राहिलं आणि माझं गाव गेलं. तिने पुस्तकात एनचं गाव शोधलं, छान पाटी छापून घेतली आणि मला इथे टांगलं. येणारेजाणारे म्हणतात, वा, किती चमकतोय! माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

परवा काका दाढ दाखवायला आले होते. याच बाकावर बसले. बराच वेळ त्यांनी वर बघायचं टाळलं. मग चष्मा लावून उठले, पाटीजवळ आले आणि गावाचं नाव वाचलं. सवयीने हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. तेवढ्यात आतून लेकीची हाक आली, "बाबा, या!" त्यांनी पेन परत खिशात खोचलं.

मित्रांनो, ते गाव खरंही असू शकेल. तिनातलं एक आहेच. पण मला आता ते कधीच कळणार नाही, आणि तुम्हालाही नाही. म्हणून कळवळून सांगतो, दुसऱ्याची जुनी वस्तू मळकी दिसली म्हणून घासायला घेऊ नका, आधी त्याला विचारा. आणि तुमच्या माणसाने प्रेमापोटी तुमच्या वस्तूचं वाटोळं केलं, तर "छान झालं" म्हणू नका. रडा, भांडा, पण खरं सांगा.

चला, तुमचा नंबर आला. जा आत, घाबरू नका. दात ती फार छान स्वच्छ करते.