तवंगाचा फोटो

मोर्चाला "हलू नका" असे सांगणारा मनुष्य इतिहासात पूर्वी झाला असेल, तर त्याची नोंद माझ्या वाचनात नाही. १९६४ सालच्या एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, आखातातल्या देऱ्याच्या खाडीकाठी शौकतने तसे सांगितले आणि साठ-सत्तर माणसे आज्ञाधारकपणे थांबली.

मोर्चा पाण्यासाठी होता. खाडीतला गाळ उपसणाऱ्या कंपनीच्या छावणीत रत्नागिरी-कुलाब्याकडची आमची माणसे राहत आणि त्यांचे पिण्याचे पाणी डिझेलच्या रिकाम्या पिंपांतून येई. अर्धी छावणी पोट धरून झोपे. दाभोळच्या हमीदला तर महिनाभर अन्न पचत नव्हते. मी रत्नागिरीच्या कॉलेजात इतिहास शिकवत असे. इथे एका व्यापाऱ्याचा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत होतो, म्हणून छावणीचे दुभाषेपण माझ्याकडे आले.

कंपनीचा मॅनेजर अत्यंत सभ्य होता. तक्रारी पुष्कळ येतात, पुरावा येत नाही, असे तो खेदाने म्हणाला. सोमवारी लंडनहून संचालक येणार होते. त्यांच्यापुढे फोटो ठेवता आला, तर पिंपे बदलण्याचा विचार करता येईल. 'विचार करता येईल': साम्राज्ये तोफांपेक्षा या क्रियापदावर अधिक काळ टिकली, हे मी वर्गात अनेकदा शिकवले होते.

पुरावा हवा होता, म्हणून मी शौकतला आणले. देऱ्यात त्याचा स्टुडिओ होता. छावणीतला प्रत्येक जण गावी धाडायचा फोटो त्याच्याकडेच काढी. तो तिपाईवरचा मोठा कॅमेरा घेऊन आला आणि मग मी मोर्चाकडे नीट पाहिले.

सगळ्यांनी ईदचे कपडे घातले होते. केसांना तेल, मनगटावर उसनी घड्याळे. तिघांच्या अंगावर शौकतच्याच स्टुडिओतले कोट होते. आघाडीला ज्याने पिंप उचलायचे, तो इद्रीस अत्तर लावून आला होता.

"इद्रीस, आपण वरातीला निघालोय का?"

"फोटो निघणार म्हणालात ना, सर."

"पुराव्याचा फोटो!"

"फोटो तो फोटो. इथला कुठलाही फोटो फिरत फिरत गावात पोचतोच. सासऱ्याने बघितला तर काय म्हणेल? जावई पिंपं उचलतो?"

"जावई पिंपंच उचलतो."

"हां, पर ते त्याला कशाला दाखवायचं?"

शौकत काळ्या कापडाखालून ओरडला, "यल्ला, चला, ते पिंप बाजूला घ्या! घाण दिसतंय!"

पिंप बाजूला गेले. मी ते परत आणवले. इद्रीस त्याच्यापासून दोन हात दूर सरकला, जणू त्याची नि पिंपाची ओळखच नव्हती. शौकतने सगळ्यांना हसायला सांगितले आणि अन्यायाने पिचलेला तो समुदाय प्रसन्न हसला. शौकतने लागोपाठ तीन फोटो घेतले. तिन्हींत कोणत्याही कंपनीने अभिमानाने भिंतीवर लावावी अशी माणसे होती.

शौकतने बरोबर आणलेल्यांपैकी एकच फिल्म उरली होती. तेव्हा हमीद पुढे आला. त्यानेही कोट घातला होता, पण तो आता त्याला दोन मापे मोठा झाला होता. त्याने शरबताच्या रिकाम्या बाटलीत पिंपातले पाणी भरून आणले होते. वर तेलाचा तवंग स्पष्ट चमकत होता.

"माझा काढा," तो म्हणाला. त्याने कोट आणि शर्ट उतरवून इद्रीसच्या हातात दिले. खाली फाटका बनियन होता, त्यातून बरगड्या दिसत होत्या.

"अरे, मरियमबी बघेल ना!" इद्रीस कुजबुजला. मरियमबी म्हणजे हमीदची आई.

"बघू दे," हमीद म्हणाला. त्याने बाटली छातीजवळ धरली.

शौकतने फोटो घेतला. या एका फोटोसाठी त्या दिवसाची सगळी मूर्खता मी माफ केली.

रविवारी दुपारी मी आणि हमीद प्रत घ्यायला गेलो. शौकतने ती दागिना काढावा तशी पाकिटातून काढली. "बघा सर, रात्रभर बसलो. एक पैसा नको."

हमीदचे गाल भरले होते. डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली होती. बनियन शाबूत होता. आणि बाटलीतले पाणी पवित्र जमजम विहिरीचे असावे इतके निर्मळ होते.

"तवंग कुठे आहे?" मी विचारले.

"काढला ना! चमक चाकूने खरवडली, बाकी पेन्सिलने भरलं. मेहनतीचं काम आहे ते."

"फिल्मवरून?"

"मग काय कागदावरून? खलास. आता कितीही प्रती काढा, स्वच्छच येणार." माझा चेहरा बघून तो दुखावला. "सर, वीस वर्षांत माझ्या दुकानातून एक माणूस आजारी बाहेर गेलेला नाही."

मी काय बोललो ते इथे लिहिण्याजोगे नाही. इतिहासासाठी शिकलेल्या फारसीत शिव्यांची परंपरा समृद्ध आहे, एवढेच म्हणतो.

हमीद फोटोकडे बराच वेळ पाहत होता. मग त्याने पिशवीतून बाटली काढली. पाणी तेच, तवंगही तोच. "ही साहेबाला दाखवायला आणली होती," तो म्हणाला. "परत काढा. आत्ता."

तो शर्ट काढून स्टुलावर बसला. सवयीने शौकतने दोरी ओढली आणि हमीदच्या मागे रंगवलेला पडदा उलगडला: हिरवा बगीचा आणि मधोमध कारंजे.

"ते वर घ्या, शौकतभाई."

"कोरी भिंत आहे रे मागे. पोपडे निघालेत."

"निघू देत."

पडदा वर गेला. शौकतने फोटो घेतला, अपमानित चेहऱ्याने. तो काळोख्या खोलीकडे वळला तेव्हा मी टेबलावरचा चाकू उचलून खिशात घातला, पेन्सिलही घातली, आणि त्याच्या मागोमाग आत शिरलो.

"सर, हे बरोबर नाही. माझा धंदा आहे हा."

"फिल्म धुवा," मी म्हणालो. "मी इथेच उभा आहे."

"निदान डोळ्यांखालचं तरी..."

"नाही."

दाराबाहेरून हमीदचा आवाज आला, "सर, ती पहिली प्रत फाडू नका हां. ती आईला पाठवतो."