डावीकडचं स्टेअरिंग

करुणा वानखेडेने अठ्ठ्याहत्तर सालची फायरबर्ड घेतली, तेव्हा टूवूंबाच्या हॉस्पिटलमधल्या तिच्या एक्स-रे विभागात बरेच दिवस तोच विषय होता. एकट्या बाईला एवढी लांबलचक, बदामी रंगाची अमेरिकन गाडी कशाला? गाडी पिट्सवर्थजवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. डोळे अधू झाले म्हणून त्याने विकायला काढली होती. करुणा नुसती बघायला गेली आणि घेऊनच आली.

गाडीच्या खोडी पुष्कळ होत्या. बॉनेट पलंगाएवढं, इंजिन अगडबंब, पण त्या सालांत अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले होते आणि असल्या इंजिनांचा गळाच आवळला गेला होता. सिग्नल सुटला की शेजारची साधी हॅचबॅक पुढे निघून जायची. दार जड होऊन खाली आलेलं, ते उचलून लावावं लागे. ड्राइव्हवेवर तेल गळायचं. आणि स्टेअरिंग डावीकडे, इथल्या गाड्यांच्या उलट. ड्राइव्ह-थ्रूमध्ये कॉफी घ्यायची तर खिडकी उजवीकडे, रिकाम्या सीटच्या पलीकडे. करुणा पट्टा सोडून त्या सीटवर आडवी व्हायची आणि हात लांब करायची.

यवतमाळहून ती इकडे परदेशी शिकायला आली होती, नोकरी लागली, पीआर झाली, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली. चाळिशी उलटल्यावर लग्नाचा विषय लोकांनी आपणहून सोडला, आणि त्याबरोबर बोलावणीही कमी झाली. युनिव्हर्सिटीच्या दिवसांतली रूममेट सुनेत्रा तेवढी अजून आठवण ठेवून होती. ती घाट उतरून तासाभरावर, स्प्रिंगफील्ड लेक्सला राहायची, नवरा यतिन आणि मुलीबरोबर.

फेब्रुवारीतल्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या, एका रविवारी सुनेत्राने जेवायला बोलावलं. करुणाची गाडी दारात लागली तशी यतिनने सगळ्यांना बाहेर आणलं आणि फोनवर वाचायला सुरुवात केली.

"ऐका, ऐका. एवढं मोठं इंजिन, आणि ताकद आमच्या कॅमरीपेक्षा कमी! करुणा, तुला फसवलं गं त्या म्हाताऱ्याने."

सगळे हसले. करुणाही हसली. "माहीत होतं मला," ती म्हणाली, पण तोवर मंडळी आत वळली होती.

एकटे दादाराव बाहेर थांबले. सुनेत्राचे वडील, अकोल्याच्या पोस्टातून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर लेकीने त्यांना इकडे आणलं होतं. दिवसभर घरात कुणी नसे. तळ्याला चक्कर मारायची आणि परत यायचं, एवढाच त्यांचा दिवस.

"जय भीम, काका."

"जय भीम, पोरी." त्यांनी बॉनेटवर हात फिरवला. "फिरवून आणतेस काय मला?"

जेवणं झाल्यावर दोघं निघाले. दादाराव उजवीकडे बसले. इथे ड्रायव्हरची जागा उजवीकडची, त्यामुळे गाडी बघून खूश झालेले लोक त्यांनाच अंगठा दाखवायचे. आधी ते गोंधळले. मग तेही अंगठा दाखवू लागले.

"लोकांना वाटतं मीच चालवून राहिलो!"

"वाटू द्या की."

तळ्याची चक्कर संपली तरी त्यांना घरी जायचं नव्हतं. "तुझं गाव किती लांब?" त्यांनी विचारलं. करुणाने सुनेत्राला फोन केला, काकांना टूवूंबा दाखवते आणि संध्याकाळपर्यंत आणून सोडते, असं सांगितलं, आणि गाडी हायवेला घातली.

सपाटीवर गाडी झकास चालली. घाट सुरू झाला तसा मात्र तापमानाचा काटा वर सरकू लागला. इंजिनाची उष्णता खेचायला करुणाने ऐन उन्हात हीटर लावला, खिडक्या उघड्या टाकल्या. मागे ट्रकांची रांग लागली. शेवटी बॉनेटखालून वाफ आली, तशी तिने गाडी कडेला घेतली.

दोघं पलीकडे निलगिरीच्या झाडाखाली बसले. तिने सुनेत्राला मेसेज टाकला, घाटात गाडी तापलीय, उशीर होईल म्हणून. तासभर झाला तरी इंजिन निवेना.

"असं होतं, हे ठाऊक होतं तुला?"

"उन्हात होतं कधी कधी."

"मग ठेवली काहून?"

करुणाने पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली. "काका, कामावर मी दिवसभर तीनच वाक्यं बोलते. श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा. पेशंट उठून जातो, दुसरा येतो. घरी आलं की तेवढंही नाही. हिच्याकडे मात्र सारखं लक्ष द्यावं लागतं. आवाज बदलला का, वास कसला येतोय. कुणाला तरी आपली गरज आहे, असं वाटतं."

दादारावांनी मान हलवली.

"सुनेत्रा माझे कायमचे कागद करणार आहे," ते म्हणाले. "मला राहायचं नाही इथं. अकोल्यालाही कुणी नाही म्हणा. पण तिथं भाजीवाला माझ्याशी भांडतो तरी. पोरीला कसं सांगू?"

"असंच सांगा. मला सांगितलंत तसं."

तेवढ्यात सुनेत्राची पांढरी एसयूव्ही मागे येऊन थांबली. सुनेत्रा धावतच आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"बाबांना बीपी आहे, करुणा! या उन्हात, हायवेच्या कडेला! काय झालं असतं तर?"

"अगं, सावलीत बसलोय. पाणी आहे. इंजिन थंड झालं की—"

"तुझं बरं आहे गं. तुला कुणाची काळजी करायची नसते."

दादाराव म्हणाले, "थांबू ना जरा, सुनेत्रा. होईल थंड." पण सुनेत्राने त्यांचा दंड धरला होता. गाडीत बसताना त्यांनी वळून हात केला. एसयूव्ही ट्रकांमधून वाट काढत खाली उतरून गेली.

करुणा तशीच बसून राहिली. ऊन कललं, इंजिन निवलं. तिने रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि घाट चढून घर गाठलं. त्या रात्री तिने स्वयंपाक केला नाही.

सुनेत्राचा 'सॉरी' आला, रडक्या चेहऱ्यासकट. करुणाने 'नो वरीज' पाठवलं. त्यानंतर दोघी वाढदिवसाला शुभेच्छा देत राहिल्या, पण जेवायचं बोलावणं आलं नाही.

एप्रिलमध्ये अनोळखी नंबरवरून फोन आला. दादाराव अकोल्याहून बोलत होते.

"सांगितलं मी. रडली खूप. मग तिनंच तिकीट काढून दिलं." मागे कुकरची शिट्टी वाजत होती. "तुला सांगायचं राहिलं होतं, पोरी. तिकडच्या सहा महिन्यांत तो एकच दिवस मला वाटलं, आपण कुठंतरी जाऊन राहिलो."

नंतरही त्यांचे फोन येत राहिले, मग हळूहळू विरळ झाले. कार क्लबातल्या एकाने गाडी मागितली, चांगली ऑफर दिली. करुणा नाही म्हणाली.

आता सुट्टीच्या दिवशी ती घाटाकडे वळत नाही. पश्चिमेला, डॅल्बीच्या रस्त्याला लागते. तिकडे चढ नाही. दोन्ही बाजूंना यवतमाळसारखी काळीभोर जमीन, नुकती पेरलेली, क्षितिजापर्यंत. गाडी शांत, एका लयीत गुरगुरत राहते. कुठल्याशा छोट्या गावात ती चहा घेते, बाकावर बसून तो सावकाश पिते, आणि परत फिरते.